पाहुण्यांच्या गाडीचं ऑइल

आमचे साडभाऊ कुणाच्याही हाती आपला जीव देतील, पण गाडीचा नट देणार नाहीत. हे मी अतिशयोक्तीने म्हणत नाही. त्यांच्या अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांनी डॉक्टरचं नावसुद्धा विचारलं नाही. स्ट्रेचरवर गुमान पडले आणि पोट पुढे केलं. मात्र आत जाण्यापूर्वी मला जवळ बोलावून मोटरसायकलची किल्ली माझ्या मुठीत कोंबली आणि म्हणाले, "साडभाऊ, मले काही झालं तं पोराबाळाइले सांभाळा. पन ही गाडी कोनत्या मिस्तरीकडं नेऊ नका." पोरंबाळं म्हणजे एकच मुलगी. तिचा उल्लेख त्यांनी गडबडीत अनेकवचनात केला असावा, किंवा मोटरसायकलही धरली असावी.

माझी बायको आणि त्यांची बायको सख्ख्या बहिणी. त्यांची बायको थोरली, म्हणून आमच्या घरी ती सगळ्यांची ताई. साडभाऊ वरठीला राहतात, कारखान्यात पाळीवर जातात आणि उरलेल्या वेळात गाड्यांचं ऑइल बदलतात. स्वतःच्या गाडीचं तर बदलतातच. पण एका माणसाच्या एका गाडीला असं किती वेळा ऑइल लागणार? म्हणून ते नातेवाइकांच्या गाड्यांकडे वळले. बारशाला, वास्तूला, साखरपुड्याला ते येतात तेव्हा एका हातात आहेराचं पाकीट असतं आणि दुसऱ्या हातात पान्यांची पिशवी. मंडपात जेवणाची पंगत बसलेली असते आणि मागच्या बाजूला मोटरसायकलींची पंगत लागलेली असते. माझ्या धाकट्या मेहुण्याच्या लग्नात नवरदेवाची गाडी वेळेवर सापडेना, तेव्हा ती साडभाऊंच्या पुढ्यात रिकाम्या पोटी उभी होती.

त्यांची पद्धत ठरलेली आहे. थंड इंजिनातून ऑइल काढायचं नाही, कारण थंड ऑइल गाळ सोडत नाही. म्हणून आधी गाडी फाटकापर्यंत फिरवून आणायची. आता वरठीच्या रेल्वे फाटकाची ज्यांना कल्पना आहे त्यांना पुढचं सांगायला नको. एक मालगाडी जाते, तिच्यामागे दुसरी येते, मग विरुद्ध दिशेने प्रवासी गाडी. फाटक उघडेपर्यंत इंजिन पुन्हा थंड. मग साडभाऊ थोडे पुढे जाऊन वळतात, आणि परत येताना फाटक पुन्हा बंद. एका रविवारी सकाळी चहा घेऊन निघालेला हा माणूस जेवणाच्या वेळी घामाघूम होऊन परतला आणि म्हणाला, "आता तापली बराबर." गाडी की ते स्वतः, हे मी विचारलं नाही.

जुनं ऑइल निघालं की ते चिमटीत घेऊन चोळतात, नाकाशी नेतात आणि मालकाचा स्वभाव सांगतात. "हा मानूस क्लच दाबून गाडी चालवते. घरातही असाच असन, अर्धं बोलते, अर्धं दाबून ठेवते." एकदा त्यांनी माझ्या स्कूटरचं ऑइल हुंगून सांगितलं, "तुमी लय जपून चालवता साडभाऊ. इतकं जपून नसते चालवाचं. इंजिनालेही थोडी मजा पाहिजे." माझी बायको तिथेच उभी होती. तिने मान डोलावली, ती मला आजही दिसते.

हे जुनं ऑइल ते फेकत नाहीत. उधई लागू नये म्हणून कुंपणाच्या खांबांना, शेतकऱ्यांच्या बैलबंडीच्या चाकांना आणि उरलं की गल्लीतल्या सगळ्या फाटकांच्या बिजागऱ्यांना. त्यामुळे त्यांच्या गल्लीत एकही फाटक वाजत नाही. ताईची तक्रार अशी की, पाहुणे थेट स्वयंपाकघरात उभे राहीपर्यंत आल्याचं कळत नाही. तिची दुसरी तक्रार भांड्यांची. ऑइल धरायला खालचं भांडं पसरट लागतं, आणि घरात कणीक मळायची परातच काय ती पसरट. ताईने अखेर परातीच्या कडेला लाल रंग लावून घेतला. साडभाऊंनी त्याचा अर्थ "धोका" असा न घेता "आपली परात" असा घेतला.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण त्यांची मुलगी लग्नाची झाली आणि प्रकरण अवघड झालं. मुलगी गुणी, भंडाऱ्याला एका लॅबमध्ये काम करते, स्वतःच्या स्कूटरने जाते-येते. पहिलं स्थळ आलं तेव्हा साडभाऊंनी मुलाच्या वडिलांना पोह्यांची बशी हातात देत विचारलं, "तुमच्या गाडीचा धूर निळा काहून निघून राहिला?" ते स्थळ पोहे संपवून गेलं आणि त्याने पुन्हा फोन केला नाही. दुसऱ्या स्थळाच्या वेळी ते मुलाला बाजूला घेऊन ऑइल सोडायचा ड्रेन नट कोणत्या दिशेला उघडतो ते विचारत होते. मुलगा इंजिनिअर होता, त्याला अपमान वाटला. 

तिसरं स्थळ पवनीचं. मुलगा शाळेत शिक्षक, वडील नाहीत, मामा कर्तेधर्ते. मुख्य म्हणजे फोटो पाहून मुलगी नेहमीसारखी "नाही" म्हणाली नव्हती. ती "पाहू" म्हणाली होती. ताईने त्या एका शब्दावर आठवडाभर घर झाडलं. मला आणि माझ्या बायकोला आदल्या दिवशीच बोलावून घेतलं. पान्यांची पिशवी धान्याच्या कोठीमागे लपवली आणि नवऱ्याला सरळ सांगितलं, "ह्या येळेस तुमी त्याइच्या गाडीकडं पाह्यलं जरी, तं मी माहेरी जाईन. अन् पोरगी जन्मभर माहेरीच राहीन."

"नाही पाहत बापा," साडभाऊ म्हणाले. आणि त्यांनी खरोखर प्रयत्न केला.

पाहुणे रविवारी सकाळी कारने आले. मुलगा, त्याची आई आणि मामा. जय भीम झालं, पाणी झालं, पोहे आले. मुलगी येऊन बसली. मामांनी तिला दोन प्रश्न विचारले, तिने तीन उत्तरं दिली. सगळं छान चाललं होतं. साडभाऊ खिडकीकडे पाठ करून बसले होते, म्हणजे गाडी दिसायला नको. पण न राहवून त्यांनी अगदी सहज आवाजात मुलाला विचारलं, "पवनीवरून येताना गाडीनं काही तरास नाही ना देल्ला? ऑइल कधी बदललं होतं?"

मुलगा प्रामाणिक होता. म्हणाला, "ऑइल? आठवत नाही बा काका. घेतली तवा शोरूमवाल्यानंच टाकलं असन."

गाडी घेऊन तीन वर्षं झाली होती, हे बोलण्यात आधीच आलं होतं. साडभाऊंचा चेहरा असा झाला की मला वाटलं अपेंडिक्स पुन्हा उगवलं. ते म्हणाले, "हात धुवून येतो," आणि आत गेले.

बराच वेळ झाला. ताईने मला डोळ्याने खूण केली. मी मागून फिरून अंगणात गेलो तर पाहुण्यांच्या कारखालून दोन पाय बाहेर आले होते. पायांत खास आजच्यासाठी शिवलेली पँट होती. शेजारी कोठीमागून हुडकून काढलेली पान्यांची पिशवी, आणि लाल कडेची परात डांबरासारख्या काळ्या ऑइलने काठोकाठ भरलेली.

"साडभाऊ! अहो, पाहुण्यांची गाडी आहे ही!"

"मंग?" खालून आवाज आला. "उद्या माह्यी पोरगी ह्याच गाडीत बसन ना? नदीच्या पुलावर इंजिन जाम झालं तं? तुमी जाल ढकलाले?"

अजून पाहुण्यांनी होकार दिला नव्हता, मुलीने दिला नव्हता. पण हा माणूस तिला मनाने पुलापर्यंत पोहोचवून बसला होता. 

घरात ऑइलचा डबा होता, फिल्टरही होता. इथवर सारं ठीक. जुना फिल्टर इतका घट्ट बसला होता की निघेना. तेव्हा साडभाऊंनी त्याच्या पोटातून स्क्रूड्रायव्हर आरपार ठोकला आणि त्याचाच दांडा करून तो फिरवून काढला. मग कपाटातला नवा फिल्टर लावून पाहिला. तो बसेना. आटे वेगळे होते. नवीन बसतो की नाही हे पाहिल्याशिवाय जुना फोडू नये, हे लहान पोरालाही कळतं. साडभाऊंनाही कळत होतं. पण घाईत, पँट सांभाळत, बायकोची भीती बाळगत काम केलं की असं होतं. आता फुटका फिल्टर परत लावता येईना, नवा बसेना, आणि पाहुण्यांची गाडी फिल्टरशिवाय जागची हलणार नव्हती.

ताईला कळलं. ती भिंतीला टेकून खाली बसली, ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. तेवढ्यात मुलगी बाहेर आली. तिने परात पाहिली, फिल्टर पाहिला, बापाचे पाय पाहिले. "बाबा, तुमी ना!" इतकंच म्हणाली आणि स्कूटरची किल्ली घेतली. "भंडाऱ्याले जाऊन आणते. पण गाडी कोणती, कोणत्या साली घेतली, ते दुकानदार विचारन." 

मुलगा दारात उभा होता. म्हणाला, "मी येऊ का? माह्यीच गाडी आहे." मामांनी तोंड उघडलं, पण तोवर साडीचा पदर खोचून मुलगी स्कूटरवर बसली होती आणि मुलगा मागे.

भंडारा काही लांब नाही. गेलं, घेतलं, आलं, तर तासाभराचं काम. दोन तास झाले तरी दोघांचा पत्ता नाही. इकडे घरात वेगळाच पेच. आमच्या नात्यात रीत अशी की सोयरीक पक्की होईपर्यंत मुलाकडच्यांनी मुलीच्या घरी जेवायचं नाही. चहा-फराळ चालतो, ताट वाढलं आणि पाहुणे बसले की जमलं असं समजायचं. मामा रीतीला पक्के. आणि ताईने तर आशेने सकाळीच गावरानी कोंबडीचा रस्सा चढवून ठेवला होता. त्याचा वास आता घरभर फिरत होता आणि दर थोड्या वेळाने मामांपाशी येऊन थांबत होता.

"मामाजी, दोन घास जेवून घ्या," मी म्हणालो.

"नाही. रीत म्हंजे रीत."

"मग पोहे आणखी घ्या."

"पोहे चालतीन."

त्यांनी पोहे घेतले. मग चिवडा घेतला. मग केळी. मग उकडलेल्या शेंगा. मग पुन्हा पोहे. प्रत्येक घासाला ते स्वयंपाकघराकडे पाहत, आणि मुलाची आई त्यांच्याकडे पाहून पदराआड हसत होती. शेवटी मामा मला हळूच म्हणाले, "सकाळपासून खाऊन राहिलो अन् सकाळपासून उपाशी आहो. असं सोयऱ्याचं घर नाही पाह्यलं बा."

उन्हं कलली तेव्हा स्कूटर आली. नेहमीप्रमाणे फाटक वाजलं नाही. दोघं एकदम समोरच उभी. मुलाच्या हातात फिल्टरचं खोकं.

"काहून रे," मामा कडाडले, "भंडाऱ्याले गेला होता का नागपूरले?"

"सारे दुकानं बंद होते, मामा," मुलगा म्हणाला.

"पहिल्याच दुकानात मिळालं," त्याच क्षणी मुलगी म्हणाली.

मुलगी लाल झाली. मुलगा खोक्यावरचा मजकूर वाचू लागला. मामांनी आधी त्याच्याकडे, मग तिच्याकडे पाहिलं. मग ते हळू आवाजात भाच्याला म्हणाले, "काय मंग?"

मुलाने मान वर केली. "मामा, मले भूक लागली. जेवाचं आहे."

मामांनी मुलीकडे पाहिलं. "अन् तुले वो बाई?"

"मी वाढायला घेते," ती म्हणाली, आणि आत पळाली.

"ताटं मांडा!" मामांनी अशी आरोळी दिली की शेजारचे बाहेर आले. आणि पहिल्या पाटावर स्वतःच जाऊन बसले.

या सगळ्या वेळात साडभाऊ गाडीखालीच होते. बाहेर यायची त्यांची हिंमत नव्हती. खालून ते ओरडत होते, "फिल्टर आना ना बापा कोनी!" मी खोकं नेऊन दिलं, वाकून म्हटलं, "साडभाऊ, जमलं. पाहुणे जेवायला बसले."

बाहेर आलेले दोन्ही पाय आत ओढले गेले. मग आवाज आला, "थांबा. मी अजून फिल्टर कसून राहिलो."

फिल्टर हाताने कसायचा असतो, त्याला मिनिटभर लागत नाही. ते बराच वेळ कसत राहिले. बाहेर आले तेव्हा दोन्ही डोळ्यांभोवती काळं झालं होतं. ताईने ओल्या फडक्याने त्यांचं तोंड पुसलं आणि पँटबद्दल एक शब्दही काढला नाही.

मुलगी आता पवनीला असते. तिथल्याच एका लॅबमध्ये काम करते. जावयांच्या गाडीचं ऑइल वरठीलाच बदलतं, दुसरीकडे कुठे बदलायची कुणाची छाती नाही. मागच्या महिन्यात दोघं आली तेव्हा मी तिथे होतो. मुलगी आईजवळ आत जाऊन बसली, तिचं हसणं बाहेर ऐकू येत होतं. मला आकडे पाहण्याची खोड आहे, म्हणून मी गाडीचा किलोमीटरचा आकडा मागच्या वेळच्या आकड्याशी ताडून पाहिला. मागच्या ऑइलनंतर गाडी ठरलेल्या अंतराच्या निम्मीही चालली नव्हती.

साडभाऊंनी नट उघडला. धार पडली ती मधासारखी, स्वच्छ सोनेरी. परातीचा तळ त्यातून दिसत होता. मी पाहिलं. जावयांनीही पाहिलं. साडभाऊंनी घाईघाईने परात ओढली आणि तिच्यावर पोतं टाकलं.

"लय लवकर खराब होऊन राहिलं बा हे ऑइल," ते आमच्याकडे न पाहता म्हणाले. "पवनीकडची धूळच तशी आहे. पुढच्या महिन्यात अजून एकदा घेऊन या."

जावयांनी त्या पोत्याकडे पाहिलं, मग हसणं येत होतं त्या दाराकडे.

"हाव बाबा," ते म्हणाले. "आणतो."