चिंचेत भिजलेला कंदील

लंडनजवळ, वॉटफर्डच्या आमच्या घराच्या दाराशी एक लोखंडी कंदील टांगलेला आहे. घर साधं, शेजाऱ्याशी एक भिंत जोडलेलं सेमी-डिटॅच्ड, कंदील मात्र उमरावाच्या वाड्यावरचा. निदान जुन्या वस्तूंच्या बाजारात विकणाऱ्याने तसं सांगितलं होतं. "टस्कनीतला, हाताने घडवलेला, सगळा मूळचा," हे तो इतक्या हळू आवाजात म्हणाला, की जणू तो उमराव शेजारच्याच तंबूत झोपला होता. माझ्या नवऱ्याने विश्वास ठेवला.

मी ठेवला नाही, पण कुतूहल जागं झालं. लायब्ररीतून इटलीच्या लोखंडकामावरचं एक जाडजूड पुस्तक आणलं. टस्कनीतल्या फ्लॉरेन्समध्ये म्हणे एके काळी घराच्या कोपऱ्यावर असा कंदील लावायचा मान मोजक्याच घराण्यांना असे. बाकीच्यांनी खालून मान वर करून बघायचं. लोहारांचं काम मात्र खरंच बघण्यासारखं. दोन गज जोडायचे तर भोवती तापलेली पट्टी गुंडाळायची. गार होताना ती आपोआप आवळली जाते. आमच्या कंदिलालाही तशा पट्ट्या होत्या. पण पट्ट्या आजही कुणी गुंडाळू शकतं, हे मी नवऱ्याला अधूनमधून ऐकवत असे.

दिवाळीला सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. रविवारी फराळाला मंडळी येणार, आणि नवरा त्यांना कंदिलासमोर उभं करून इटली सांगणार, हे ठरलेलं होतं. त्याआधी घराची साफसफाई आली. शुक्रवारी आम्ही दोघं ऑफिसला गेलो आणि संध्याकाळी परतलो, तर बाथटबमध्ये तपकिरी पाणी, त्यात कंदील, आणि शेजारी स्टुलावर घासणी घेऊन सासूबाई.

"किती गंजला होता रे! वेम्बलीच्या देशी दुकानातून आणलेली सगळी चिंच संपली," त्या अभिमानाने म्हणाल्या.

कंदील निघाला राखाडी, उघडाबोडका. वर्षानुवर्षांची काळी झळाळी टबातून गटारात गेली होती. नवरा एकच वाक्य बोलला, "आई, तो काळेपणाच तर जुना होता गं," आणि वर निघून गेला. जेवायलाही खाली आला नाही.

सासूबाई ओट्याशी उभ्या राहून टॉवेलने कंदील पुसत राहिल्या. "सोमवारचं विमान आहे तेच बरं. आता पुन्हा काही मी यायची नाही बघ," त्या मला म्हणाल्या. त्या रागाने म्हणाल्या असत्या तर मी मनावर घेतलं नसतं.

मी कंदील हातात घेतला आणि दिव्याखाली धरला. गजावर बारीक रेघा दिसत होत्या, लांबच लांब, लाकडाला असतात तशा. या रेघा मी पुस्तकात पाहिल्या होत्या. जुन्या घडीव लोखंडात भट्टीतल्या मळीचे बारीक धागे राहतात. आंबट लागलं की ते उघडे पडतात. आजच्या पोलादात ते नसतात.

मी जिन्याखालून हाक मारली. "खाली ये. तुझा कंदील निदान जुना तरी आहे."

तो आला. फोनचा टॉर्च लावून नक्षीचं एकेक लोखंडी पान, एकेक गज बघू लागला. रेघा सगळीकडे होत्या, फक्त वरचा हूक बाळाच्या गालासारखा गुळगुळीत होता. "म्हणजे हूक नंतरचा!" तो ओरडला. विकणाऱ्याचं 'सगळा मूळचा' तिथेच संपलं. लोखंड टस्कनीचं की बर्मिंगहॅमचं, यावर रेघांचं काही म्हणणं नव्हतं.

"मी घासलं म्हणून दिसलं ना?" सासूबाईंनी विचारलं.

"घासायला नको होतं, आई."

"मग दिसलं कसं असतं?"

त्याने टॉर्च पुन्हा गजांवर धरला. सासूबाईंना धीर आला. "आणि काळंच हवं असेल तर त्यात काय अवघड आहे? नवा तवा काळा करतो तसं करायचं. तेल लावायचं, तापवायचं, पुन्हा लावायचं."

मी पुस्तक उघडलं. ते जुने लोहारही तापल्या लोखंडाला तेलच फासत. जवसाचं तेल घरात होतं. डॉक्टरला न विचारता नवरा ते कोलेस्टेरॉलसाठी घेत असे.

शनिवारी मागच्या अंगणात बार्बेक्यू पेटला. सासूबाई स्वेटरवर कोट घालून खुर्चीत बसल्या आणि हुकूम सोडू लागल्या: "इकडून फिरव. अरे, इतकं तेल नको, भजी तळायची नाहीयेत!" शेजारच्या आजोबांनी कुंपणावरून डोकावून आज काय शिजतंय म्हणून विचारलं. नवऱ्याने चिमट्यात धरलेला कंदील वर करून दाखवला. आजोबांनी इंग्रज रिवाजाप्रमाणे 'वा' म्हटलं आणि खिडक्या लावून घेतल्या.

रविवारी मंडळी दाराशी जमली. इटली झाली, उमराव झाला. "हूक मात्र नंतरचा आहे," नवऱ्याने स्वतःहून सांगितलं. मी चकलीचा तुकडा हातात धरून ऐकतच राहिले.

"आणि हा काळा रंग? तो जुनाच का?" कुणीतरी विचारलं.

नवऱ्याने आईकडे पाहिलं. "नाही. तो कालचा. आईने करवून घेतला."

"टिकायचा नाही तो," सासूबाई लाडवांचं ताट पुढे करत म्हणाल्या. "इथल्या पावसात दर वर्षी करावा लागणार. आणि याला एकट्याला जमायचं नाही."

पुढच्या दिवाळीसाठी सासूबाईंची तिकिटं आता जूनमध्येच बघून ठेवायची, असं ठरलं आहे. चिंच मात्र मी वरच्या फळीवर ठेवते.