नरपडचा कंदील

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलं नाही. ती गेली त्याला बरीच वर्षं झाली, जाताना हात धरून विचारत होती — तुमच्या मनात काय आहे ते एकदा बोला. मी म्हटलं, काही नाही. पोरांना तर सांगायचा प्रश्नच नव्हता. आता तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जमेल असं वाटतं. जमेल का? बघू.

मी चौथी शिकलेला माणूस. अक्षर वाकडं आहे, पण माझं आहे. तलासरीकडच्या पाड्यावरचा. बाप दुसऱ्याच्या वाडीत गवत कापायचा. मी तरणा असताना डहाणूला खाली आलो आणि कॉलेजात शिपाई म्हणून लागलो. खाकी कपडे, पायात चपला. घंटा माझ्या हातात. मी टोला दिला की शिकलेली माणसं उठायची, मी टोला दिला की बसायची. पाड्यावर गेलो की लोक सरकून जागा द्यायचे. हे मी का सांगतो? कारण पुढचं सगळं ह्याच्यातूनच आलं. मला ताठा होता. अजून आहे. मोडत नाही तो.

एकाहत्तर सालची लढाई लागली तेव्हाची गोष्ट. आज कोणाला खरं वाटणार नाही, पण आमचं सगळं कॉलेज त्या लढाईत उतरलं होतं. बंदूक कोणाच्या हातात नव्हती, तरी उतरलं होतं. पोरींनी लोकर आणून स्वेटर विणायला घेतले — डहाणूत कुठली आलीय थंडी, कोणाला विणता येत होतं? एका बाईंनी शिकवलं. एक बाही लांब, एक आखूड. पोरं त्यांना चिडवायची, "हा स्वेटर एका हाताच्या जवानाला द्या." घोलवडच्या वाड्यांतून चिकू यायचे, ते पोरं चिरून गच्चीवर वाळवायची, पिशव्या भरायची. रक्त द्यायला रांग लागली. जवानांची गाडी स्टेशनात थांबणार असं कळलं की अख्खं कॉलेज चहाच्या किटल्या घेऊन पळायचं. प्रिन्सिपलसाहेब स्वतः किटली उचलायचे. मी ते डोळ्यांनी बघितलंय. चांगली माणसं होती हो सगळी. वाईट एकच होता त्यांच्यात.

आणि ब्लॅकआऊट. समुद्रकिनारा, जवळून रेल्वेलाईन, म्हणून अंधार पडल्यावर कुठे काडी पेटायला नको. ते काम कॉलेजनं अंगावर घेतलं. नरपड, चिखले, घोलवड, पार झाईपर्यंत पोरांच्या तुकड्या. दंडाला पट्टा, गळ्यात शिट्टी. मलाही पट्टा मिळाला. नरपडचा किनारा माझ्याकडे. मी दारोदार फिरून सांगितलं — एक दिवा दिसला की वरनं बॉम्ब पडेल, तुमची पोरंबाळं जातील. चुली सांजेच्या आत विझवा. लोक घाबरले. आम्ही त्यांना नीट घाबरवलं. ते लक्षात ठेवा, पुढे लागेल.

फक्त एका दिव्याला परवानगी होती. ती कोणाला? नरपडच्या मच्छीमारांना. होड्या तर जाणारच, पोट आहे. किनाऱ्यासमोर खडक आहेत आणि त्यांच्यातून आत यायला एक अरुंद वाट आहे. काळोखात होडी बाहेर राहिली की घरातली बाई त्या वाटेसमोर कंदील घेऊन बसते — पहिल्यापासूनची रीत. नाखवा त्या दिव्यावर होडीचं नाक धरून आत येतो. वस्तीतले म्हातारे प्रिन्सिपलसाहेबांकडे आले आणि ठरलं — कंदील घासलेटच्या कापलेल्या डब्यात ठेवायचा, वरून झाकायचा, समोर बोटभर फट. होडी लागली की विझवायचा. साहेबांनी मला बोलावून समजावलं, एकदा नाही, दोनदा. म्हणाले, "देवजी, हा दिवा सोडून बाकी सगळे. कळलं?"

मी म्हटलं, "कळलं साहेब."

मला कळलं होतं. हे लिहून ठेवतो.

आता जमना. जमना नरपडची सून, माहेर झाईचं. कॉलेजच्या आवारातल्या मास्तरांच्या घरी मासळीची पाटी घेऊन यायची. तोंडाची फटकळ, सगळ्यांना हसवायची. नवरा काशिनाथ, तो आणि त्याचा धाकटा भाऊ होडीवर. घरी एक पोरगं, अजून अंगावर पिणारं. त्या दिवशी सकाळी ती पाटी घेऊन आली आणि मी पट्टा बांधून फाटकात उभा. मी तिला अडवलं. उगाच. म्हटलं, लढाई चालू आहे, विचारल्याशिवाय आत जायचं नाही.

तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. स्वेटरवाल्या पोरी ओट्यावर बसलेल्या, पोरं चिकू चिरत होती. सगळ्यांसमोर म्हणाली, "काय रे देवजी, पट्टा बांधलास तर फौजदार झालास? कालपर्यंत साहेबाच्या चपला उचलत होतास. सरक, बोंबील वास मारायला लागतील, नाहीतर तुझाच वास येतोय म्हणतील."

पोरी हसल्या. पोरंही. त्यात वाईट काही नव्हतं, तिची ती बोलायची तऱ्हाच होती. दुसरा कोणी असता तर तोही हसला असता. मी नाही हसलो. माझे कान तापले. दिवसभर घंटा दिली आणि दर टोल्याला ते हसणं ऐकलं.

सांजेला बातमी आली, जवानांची गाडी येते आहे. सगळं कॉलेज स्टेशनला गेलं. माझ्याबरोबरची दोन पोरंही किटल्या उचलायला गेली. मी म्हटलं, जा, मी एकटा बघतो. काठी घेतली आणि नरपडच्या किनाऱ्यावर गेलो. दिवेलागण होऊन गेली होती, पण दिवा कुठेच नाही. अंधारा पंधरवडा, भांगाचं पाणी — म्हणजे भरती येते पण अंगात जोर नसतो, खडक पुरते बुडत नाहीत. अशा पाण्यात वाट चुकायला वेळ लागत नाही. हे मला डोंगरातल्या माणसाला तेव्हा माहीत होतं का? माहीत होतं. किनाऱ्यावर कान उघडे ठेवले की सगळं कळतं.

जमना वाळूत बसली होती. डबा, डब्यात कंदील, फट समुद्राकडे. ती ताठ बसली होती, डोळे पाण्यावर. मी जवळ गेलो तशी तिनं मान वळवली आणि म्हणाली, "ये फौजदार."

एवढंच. त्यात हसणंही नव्हतं. काळजीत होती, होडी यायची होती. पण मला सकाळचं सगळं परत कानात आलं.

मी काठी मारली. डबा उलटला, कंदिलाची काच फुटली, दिवा गेला. ती ओरडली, "अरे परवानगी आहे! साहेबांनी दिलीय!" मी म्हटलं, इथला साहेब मी. तिनं चाचपून काडेपेटी काढली, वारा होता, काडी विझली. दुसरी ओढणार तेवढ्यात मी तिच्या हातातून काडेपेटी हिसकली आणि खिशात घातली. तिनं वाळूत पडलेल्या सुक्या झावळ्या ओढून आणल्या. माझ्या पायाशी टाकल्या. म्हणाली, "देवजीभाऊ, सकाळचं चुकलं माझं. ह्या झावळ्या पेटवू दे. ते येतील तेवढ्यापुरतं." भाऊ म्हणाली. पाया पडली. मी पडू दिलं आणि काडेपेटी दिली नाही.

मग ती वस्तीकडे पळाली, विस्तव आणायला. दारं ठोकत गेली, मला ऐकू येत होतं. दार कोणीच उघडलं नाही. चुली विझलेल्या. बाहेरून कोणी विस्तव मागतंय म्हटल्यावर लोक आणखीनच गप्प झाले. आमच्या कॉलेजनं शिकवलेलं गावानं चोख पाळलं.

इथवर मी मनातल्या मनात खूपदा आलोय आणि इथूनच मागे फिरलोय. आज फिरणार नाही.

ती गेल्यावर पाण्यातून हाळी आली. पुरुषाचा आवाज. "दिवा! अगं दिवा!" एकदा. मग परत. आवाज जवळ होता. उजव्या अंगाला होता, म्हणजे वाट सोडून खडकांकडे. माझ्या पायाशी सुक्या झावळ्या होत्या. माझ्या खिशात काडेपेटी होती. हात खिशात होता, बोटांना पेटी लागत होती. एक काडी. काय लागलं असतं? आणि मी काय विचार करत होतो, सांगू? बॉम्बचा नाही. देशाचा नाही. मी विचार करत होतो की आता पेटवली तर ती परत येऊन बघेल, आणि ती जिंकेल.

मी उभा राहिलो. हाळी थांबली. लाकूड फुटल्याचा आवाज मोठा नसतो.

धाकटा भाऊ पोहत आला. काशिनाथ सकाळी चिखल्याच्या बाजूला मिळाला.

प्रिन्सिपलसाहेबांनी मला खोलीत बोलावलं. त्यांचा चेहरा उतरलेला. "देवजी, तिथे दिवा होता ना? ती बाई म्हणते तू विझवलास." मी त्यांच्या डोळ्याला डोळा दिला. म्हटलं, "साहेब, मी गेलो तेव्हा दिवा गेलेलाच होता. बाई झोपली होती. उठवली तर दचकली, तिनंच डबा लाथाडला." एवढं सगळं कुठून सुचलं? शाळेत कधी एक ओळ धड रचता आली नाही मला.

माझं खरं धरलं गेलं. कॉलेजचा माणूस मी, आणि ती मासळीवाली, वर नवरा गेलेली, रडून रडून बोलणं तुटक. वस्तीलाही पटलं. धाकटा दीर शपथेवर सांगत होता, दिवा दिसला नाही. सासू म्हणाली, नवरा पाण्यात आणि ही घोरत होती. पोराला घेऊन ती माहेरी झाईला गेली. बाजारात बसली तरी मागून बायका म्हणायच्या, ती बघ झोपलेली जमना. नावच पडलं. लढाई संपली, कॉलेजात कार्यक्रम झाला, किटल्यावाल्यांचा, स्वेटरवाल्यांचा सत्कार. मलाही शाल आणि नारळ. माझ्या किनाऱ्यावर एकही दिवा दिसला नाही म्हणून.

ती शाल मी थंडीत पांघरली. हेही सांगून टाकतो.

पुढे बऱ्याच वर्षांनी ती मला घोलवडच्या बाजारात भेटली. केस पिकलेले, समोर सुकट. मी पुढे सटकत होतो. तिनं हाक मारली नाही, नुसतं विचारलं, "काडेपेटी आहे का रे?" मी म्हटलं, "मी बिडी ओढत नाही." आणि चालता झालो. बाजूची म्हणाली, "कोण गं तो?" तिनं काय उत्तर दिलं ते ऐकायला मी थांबलो नाही.

हे सगळं जुनं म्हणून तुम्ही मला सोडून द्याल. म्हातारा झाला, तरणा होता तेव्हा, लढाईचे दिवस. थांबा. हे अलीकडचं ऐका.

आता परत सायरनची प्रॅक्टिस झाली, दिवे घालवायला लावले, आणि कॉलेजातल्या मॅडमना आठवलं की त्या लढाईतला एक माणूस अजून जिवंत आहे. गाडी पाठवून मला नेलं. स्टेजवर खुर्ची. शाल घेतानाचा माझा फोटो मोठा करून लावलेला. मी किटल्यांचं सांगितलं, लांब-आखूड बाह्यांच्या स्वेटरचं सांगितलं, पोरं हसली. मला बरं वाटलं. मग मागून एक पोरगी उठली. म्हणाली, "आजोबा, मी झाईची. नरपडला एक दिवा होता म्हणतात, त्याचं काय झालं?" आवाज नीट होता तिचा, भांडण नव्हतं. म्हणाली, "माझी आजी अजून म्हणते, मी जागी होते. घरात कोणी ऐकत नाही आता. तुम्ही तिथे होता ना?"

सगळं कॉलेज माझ्याकडे बघत होतं. असा मोका माणसाला किती वेळा मिळतो? काशिनाथचे आईबाप नाहीत, साहेब नाहीत, माझी नोकरी नाही, बायको नाही. घाबरायचं कोणाला? सांगितलं असतं तर फार तर गाडी परत सोडायला आली नसती.

मी म्हटलं, "बाळ, दिवसभर पाटी घेऊन फिरायची ती. लागला असेल डोळा बिचारीचा."

बिचारी म्हटलं मी तिला. माइकवर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पोरगी खाली बसली. तिनं मान खाली घातली नाही, माझ्याकडेच बघत राहिली, आणि ते बघणं मी ओळखलं. फाटकातलं.

तेव्हापासून जेवण जात नाही. पण हे तुमच्या दयेसाठी लिहीत नाही. माफीसाठीही नाही, माफी मागायला मी झाईला जाणार आहे असंही समजू नका. मला माहीत आहे मी कसा आहे, दारापर्यंत जाईन आणि परत येईन. म्हणून कागद. उद्या हा कॉलेजात देतो. तिथल्या पोरांनी वाचावा, फोटोखाली लावावा, काय करायचं ते करावं.

कंदील जळत होता. त्याला परवानगी होती. तो मी फोडला. जमना जागी होती. हाळी आली तेव्हा किनाऱ्यावर मी एकटा होतो, जागा होतो, आणि काडेपेटी माझ्या खिशात होती.