हिरव्या जहाजावरचा आजारी

लग्नात कुणी विचारलं, आपण काय करता, आणि याने पायलट म्हटलं, की समोरच्याची नजर आभाळाकडे जायची. मग याला समजावत बसावं लागायचं, की विमान नव्हे हो, जहाज. बाहेरून आलेल्या कप्तानाला आपल्या बंदरात गाळ कुठे अन् खडक कुठे हे काय डोंबल कळणार? म्हणून बंदराचा माणूस लाँचमधून समोर जातो, दोराच्या शिडीने जहाजावर चढतो आणि ते धक्क्याला आणून लावतो. एवढं सांगून होईपर्यंत ऐकणारा जेवायला पळालेला असायचा. सासऱ्याने मात्र पहिल्याच भेटीत ओळखलं. म्हणाला, म्हणजे वाटाड्या की! तेच नाव घरी आणि बंदरात चिकटलं.

वाटाड्या मनाने सरळ, पण तोंडाने तिरसट. शिडीवर पाय ठेवण्याआधी दोर ओढून बघणार, वरच्या खलाशाच्या सात पिढ्या उद्धरणार, मगच चढणार. अलीकडे गुडघे कुरकुरायला लागले होते. बायको म्हणायची, आता ऑफिसातली खुर्ची मागून घ्या. हा म्हणायचा, खुर्चीत बसून काय अंडी उबवू?

त्याची थोरली बहीण समुद्रापलीकडच्या शहरात दिलेली. आई लवकर गेली, तेव्हा या ताईनेच त्याला न्हाऊमाखू घालून मोठं केलं होतं. आता तिच्या शहराला वेढा पडला होता आणि डोंगरावरच्या तोफा घराघरांवर गोळे टाकत होत्या. ताई, तिच्या सुना, नातवंडं, सगळी इमारत तळघरात राहायला गेली होती. फोन लागला तर लागला. गेले काही दिवस तोफा गप्प होत्या. कुणाला दया आली म्हणून नव्हे हो. गोळे संपले म्हणून.

आणि त्याच तोफांसाठी गोळे घेऊन एक हिरवं जहाज निघालं होतं. कागदोपत्री माल काय, तर शेतीच्या यंत्रांचे सुटे भाग. लिहिणाऱ्याला लाज कशी वाटत नाही कोण जाणे. दोन बंदरांतल्या गोदी कामगारांनी त्याचा धक्क्याला बांधायचा दोर धरायला नकार दिला, वाद कोर्टात गेला, पेपरात फोटो छापून आले. मग जहाजाने आपला ठावठिकाणा सांगणारं यंत्रच बंद करून टाकलं आणि ते सगळ्यांच्या पडद्यांवरून गायब झालं.

पडद्यावरून गेलं म्हणून समुद्रावरून थोडंच जातं? पायलटांच्या खोलीत भिंतीवर मोठा नकाशा होता. मासेमारी करणारे, दीपगृहावरची माणसं, जहाजं ओढणारे टगवाले, जो तो ओळखीपाळखीने फोन करून सांगायचा, आमच्या समोरून हिरवं काहीतरी गेलं बुवा. वाटाड्या हातातला घास टाकून उठायचा आणि नकाशावरची त्या जहाजाची टाचणी पुढे सरकवायचा. शेवटी एका मच्छीमाराने पक्की खबर दिली. नाव नवं रंगवलंय, पण जुन्या नावाची अक्षरं लोखंडावर वेल्डिंगने उठवलेली आहेत, ती रंगाखालून वर आलीत. टाचणी आता याच बंदराकडे वळली होती. पुढचा पल्ला लांबचा आणि तेल भरायला वाटेत दुसरं बंदर उरलेलं नाही. इथे नकार मिळाला, की जहाजाला माघारी जावं लागणार होतं.

पायलटांनी बैठक घेतली. या जहाजावर कुणीही चढायचं नाही, असं ठरलं. सगळ्यात आधी हात वाटाड्याचा वर गेला. संध्याकाळी रेडिओवर बातमीही झाली. त्या रात्री तो खूप दिवसांनी पोटभर जेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंदराच्या टॉवरवरच्या बाईने पायलटांच्या खोलीत फोन केला. हिरवं जहाज बंदराच्या तोंडाशी उभं आहे, एक खलाशी आजारी आहे, पोट फुगलंय, शुद्ध हरपतेय. समुद्र खवळलेला, स्ट्रेचर काही दोराच्या शिडीने उतरत नाही. धक्क्याला लावल्याशिवाय माणूस वाचणार नाही, असं कप्तान म्हणतोय.

या धंद्यात एक रीत आहे, कुठल्याही बंदरात जा. माणूस आजारी असला, की जहाज कुणाचं आणि पोटात काय भरलंय हे विचारायचं नाही. आधी माणूस. वाटाड्या स्वतः तरुणपणी खलाशी असताना अपेंडिक्स फुटून मरायला टेकला होता, तेव्हा एका परक्या बंदराने एक प्रश्न न विचारता त्याचं जहाज आत घेतलं होतं. खोलीतले बाकीचे म्हणाले, ढोंग आहे, जाऊ नकोस.

"आणि ढोंग नसलं तर?" वाटाड्या म्हणाला. पाळी त्याचीच होती. त्याने जाकीट चढवलं आणि गेला.

जहाजावर कप्तानाने हसून कॉफी पुढे केली. याने कपाला हात लावला नाही. आजारी कुठे आहे म्हणून विचारलं, तर म्हणे केबिनमध्ये, संसर्गाचं असू शकतं, आपण दूर राहिलेलं बरं. खालच्या डेकवर ताडपत्रीखाली खोक्यांच्या रांगाच रांगा. त्यांच्याकडे बघायचं नाही असं ठरवून वाटाड्याने जहाज गाळातून, खडकांतून अगदी अलगद आणलं. आजाऱ्याला धक्का बसू नये म्हणून वेगसुद्धा कमी ठेवला. त्याचं ते जपणं आठवलं, की अजून अंगावर शहारा येतो.

धक्क्यावर रुग्णवाहिका तयार होती. शिडी लागली आणि आजारी उतरला. आपल्या पायांनी! केस विंचरलेले, खांद्याला बॅग, तोंडात च्युइंगगम. स्ट्रेचर घेऊन उभ्या असलेल्या ड्रायव्हरला म्हणाला, आता बरं वाटतंय, आणि टॅक्सी कुठे मिळेल ते विचारून चालता झाला. तेवढ्यात दुसऱ्या बाजूला तेलाची बोट लागलेलीसुद्धा होती. जहाजाची बंदरातली कामं बघणारा एजंट, गुळगुळीत दाढी केलेला, गोड बोलणारा, वाटाड्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, साहेब, माणुसकी दाखवलीत. वाटाड्याने तो हात असा झटकला, की एजंटाचा फोन पाण्यात पडला. मग तो तडक बंदराच्या अधिकाऱ्याकडे गेला आणि तेल थांबवा म्हणाला.

बंदराच्या अधिकाऱ्याने कानांवर हात ठेवले. आत आलेल्या जहाजाला तेल नाकारता येत नाही म्हणे. परत बाहेर न्यायला वाटाड्याने साफ नकार दिला, बाकीच्या पायलटांनीही दिला. पण एजंटाने एका निवृत्त पायलटाला घरून गाडीत घालून आणलं. थू त्या जिण्यावर! दुपार कलायच्या आत हिरवं जहाज टाकी भरून, भोंगा वाजवून निघून गेलं.

वाटाड्या घरी आला, साबणाने हात धूत बसला. बायकोने जेवायचं विचारलं, तर मानेनेच नको म्हणाला. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडून ताई. बऱ्याच दिवसांनी लाइन लागली होती, आणि ताई चक्क हसत होती.

"अरे, रेडिओवर ऐकलं रे. तुमच्या बंदराने अडवलं ना ते जहाज? मी सगळ्यांना सांगितलं, माझा धाकटा भाऊ तिथेच आहे म्हणून. सगळे तुझं नाव काढतायत. बाहेर ऊन काय सुंदर पडलंय. पोरांचा खोकला बघवत नव्हता, म्हणून आजपासून वरच राहायचं ठरवलंय. सुना गाद्या वर नेतायत."

तिच्या मागे पोरांचा जिन्यावर दंगा चालला होता. ताईने दोनदा विचारलं, ऐकू येतंय ना रे?

"ताई," तो म्हणाला, "गाद्या परत खाली ने."

"का रे?"

"ते जहाज मी आत आणलं."