शिवण्णाला द्यावं की ठेवावं

“पाटील-सान, बाय ऑर सेल?” आमचे एमडी तनाका सर यांनी विचारलं, तेव्हा मला वाटलं विषय जुन्या फोर्कलिफ्टचा आहे.

“सेल, सर. ब्रेक लागत नाहीत.”

“शिवण्णा-सानचे?”

विषय बेसबॉलचा होता.

बोम्मसंद्रात आमचा पंपांचा कारखाना आहे. कंपनी जपानी. मी मूळचा निपाणीचा, इथे एचआर मॅनेजर. आसपासच्या जपानी कंपन्यांनी शनिवारची बेसबॉल लीग काढली आणि टीम सांभाळायचं काम एचआरच्या गळ्यात पडलं. बेसबॉलची बॅट गोल असते, एवढंच मला माहीत होतं.

आमची टीम ‘रिबिल्डिंग’मध्ये होती. म्हणजे हरत होती, पण धोरण म्हणून. जुने खेळाडू कमी करायचे, नवी पोरं तयार करायची, जिंकायचं नंतर बघू. सीझनच्या मध्यावर एकदाच खेळाडूंची अदलाबदल करता यायची. नोकरी आपल्याच कंपनीत, फक्त शनिवारी दुसऱ्या टीमकडून खेळायचं. ‘बाय’ म्हणजे होतकरू पोरं देऊन तयार खेळाडू घ्यायचा आणि यंदाच जिंकायला बघायचं. ‘सेल’ म्हणजे नेमकं उलट.

साधा निर्णय होता. पण मध्येच आम्ही लागोपाठ दोन मॅच जिंकलो. त्यातली एक समोरच्यांची बस होसूर रोडवर अडकली म्हणून. तरी अख्ख्या शॉप फ्लोअरला फायनल दिसायला लागली.

“बाय कर रे, स्वल्प हिंमत दाखव,” संध्याक्का म्हणाल्या. त्या अकाउंट्समध्ये. बसवनगुडीत पिढ्यान् पिढ्या राहिलेलं मराठी घराणं. टीमचा स्कोअर त्याच लिहायच्या.

“अक्का, बदल्यात देऊ कोणाला?”

“ते तू बघ. मी स्कोअर लिहिते.”

तेवढ्यात शेजारच्या गिअर कारखान्याचा एचआर मॅनेजर मोहन याचा फोन आला. त्याला आमचा शिवण्णा हवा होता. शिवण्णा पेंट शॉपचे सुपरवायझर आणि आमचे एकमेव पिचर. पिचर म्हणजे बोलरच, पण तो जागेवर उभा राहून चेंडू फेकतो आणि टप्पा पडू देत नाही. शिवण्णांचं पोट सुटलेलं, पण चेंडू बॅटपाशी येऊन असा काही खाली बसायचा की बघत राहावं. बदल्यात मोहन दोन ट्रेनी द्यायला तयार होता.

“दोघंही जोरात पळतात,” तो म्हणाला.

“आमचे शिवण्णा अजिबात पळत नाहीत,” मी प्रामाणिकपणे सांगितलं.

“त्यांना पळायला सांगतंय कोण?”

मी शिवण्णांना केबिनमध्ये बोलावलं. पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. आम्ही कन्नडमध्येच बोलतो. “अण्णा, वाईट वाटून घेऊ नका,” मी सुरुवात केली.

“त्यांची पँट ढगळ असते ना?” त्यांनी विचारलं.

आमचा ड्रेस तनाका सरांनी पसंत केलेला. पँट पांढरी आणि घट्ट. शिवण्णा घरून त्यावर लुंगी नेसून यायचे.

“ढगळ असते,” मी म्हणालो.

“सरी, ठीक आहे. मग मी जातो.”

मी सेल केलं. सोमवारी कँटीनमध्ये माझ्या टेबलावर कोणी बसेना. युनियनच्या सेक्रेटरीने विचारलं, पुढचा नंबर कोणाचा? संध्याक्कांनी चित्रान्नाचा डबा माझ्यापुढे धरणं बंद केलं. आपण चांगल्या माणसाला उगाच घालवलं, असं मलाही वाटायला लागलं.

मग मोहनच्या टीमशीच मॅच आली. ते जिंकले तर फायनलमध्ये जाणार होते. ढगळ पँटमध्ये शिवण्णा प्रसन्न दिसत होते. त्यांनी पहिला चेंडू टाकला आणि स्टोअर्समधल्या आमच्या पोराने, ज्याची बॅट आजवर कुठल्याच मॅचमध्ये चेंडूला लागली नव्हती, तो थेट पत्र्याच्या शेडपलीकडे भिरकावला. पुढच्याने तेच केलं. त्याच्या पुढच्यानेही.

मोहन धावत माझ्याकडे आला. “तुमचा माणूस तुम्हाला मुद्दाम सोपे चेंडू टाकतोय.”

“त्यांचा चेहरा बघ,” मी म्हणालो. शिवण्णा घामाघूम झाले होते आणि जीव तोडून टाकत होते.

खरं कारण संध्याक्कांनी सांगितलं. आमच्या पोरांनी प्रॅक्टिस केली ती फक्त शिवण्णांसमोर. दुसऱ्या कोणाचा चेंडू त्यांना कळत नव्हता. यांचा मात्र तोंडपाठ होता.

आम्ही ती मॅच दणक्यात जिंकलो. पुढच्या सगळ्या हरलो आणि लीगमध्ये शेवटचे आलो. मोहनची फायनल हुकली. सोमवारी त्याचा फोन आला. “शिवण्णांना परत घे.”

“अदलाबदल एकदाच होते, मोहन.”

तनाका सर खूश होते. “गुड रिबिल्डिंग,” म्हणाले. मी वाकून आभार मानले.

माणूस सोडताना त्याच्या जागी कोण येणार, हे सगळेच विचारतात. तो मागे कोणाला काय शिकवून निघालाय, हे त्याला घेणाऱ्याने विचारावं.