खांद्यावरची देवी

महादेवपुऱ्यातल्या त्या कारखान्यातून प्राणेशअण्णांनी तपासल्याशिवाय एकही रोबोट बाहेर पडत नसे. पोलादाच्या भट्टीत शिरणाऱ्या यंत्राचा हात नेमका कुठे आहे, हे खांद्यातला चुंबकी सेन्सर सांगतो. धूळ, वाफ, तेल, कशालाच तो बधत नाही. त्याला फसवतो तो फक्त दुसरा चुंबक. नव्या पोरांना हे अण्णाच दरडावून शिकवायचे. खिशातला मोबाइलसुद्धा बाहेर ठेवायला लावायचे.

दसऱ्याच्या आयुधपूजेला मात्र अण्णा एरवीचं सगळं शहाणपण गुंडाळून ठेवत. यंदाही तपासणी उरकून त्यांनी रोबोटला कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू चिरडलं आणि चिकपेटच्या बाजारातून आणलेली छोटी पितळी देवी, गाडीच्या डॅशबोर्डवर चिकटवतात तसली, त्याच्या खांद्यावर टेकवली. ती टक्कन चिकटली. अण्णांनी हात जोडले. पूजा झालेलं यंत्र मग कोणी चालवून पाहत नाही. दुसऱ्या दिवशी ते तसंच ट्रकवर चढलं.

आज भट्टीवरून, रोबोट बसवायला गेलेल्या हर्षचा फोन आला. "अण्णा, स्क्रीनवर हात पूर्ण खाली दिसतोय. डोळ्यांना स्वल्प वर वाटतो. असू दे, आणखी खाली तो येणार नाही. आम्ही बोल्ट काढायला त्याच्याखाली शिरलोय."

अण्णांच्या कानात तोच टक्क आवाज झाला. ते ओरडले.

"बाहेर ये! आधी बाहेर ये, हर्ष!"

पलीकडे मोटर घुमू लागली होती. हर्ष हसला.

"घाबरताय कशाला, अण्णा? तुमची देवी आहे ना खांद्यावर!"