सरूबाईचं वाकणं

सरूबाईची कंबर एकदा वाकली ती पुन्हा सरळ झालीच नाही. चाळीस वर्षं कांद्याची लावण, खुरपणी, काढणी. ओतूरजवळच्या त्या वस्तीवर ती इतकी वाकली की देवानंसुद्धा म्हणावं, बाई, आता पुरे. पण देव कुठला म्हणतोय! आता घरात ती एकटी आणि दावणीला एक गाभण म्हैस.

गेल्या मंगळवारी शेजारच्या साळुबाईला उसाच्या कडेला गवत कापताना बिबट्यानं उचललं, तेही भर दुपारी. तेव्हापासून वस्ती दाराआड बसली. सरूबाईचा कडबा गुरुवारीच संपला होता आणि म्हैस सारखी रेकत होती. ते ऐकून सरूबाईच्या घशाखाली भाकर उतरेना.

शनिवारी नात प्राची पुण्याहून आली. या पोरीनं कॉलेजात कॉम्प्युटरच्या पोटात बिबट्या पाळलेला. पडद्यावरचा नुसता ठिपका, पण खऱ्या बिबट्यासारखी त्याला भूक लागते, माणसाची भीती वाटते. चुकला की मरतो, पुन्हा जन्मतो. लाखभर वेळा मरून तो शहाणा झाला होता.

"उभ्या माणसाला तो बिचकतो, आजी," प्राची म्हणाली. "वाकलेलं माणूस त्याला शेळीसारखं वाटतं. आणि भूक वाढली की भीती उरतच नाही."

सरूबाई लॅपटॉपच्या पडद्याकडं बघत राहिली. "ह्यात मी कुटं हाय गं?"

प्राचीनं आजीच्या वाकलेल्या कमरेकडं पाहिलं.

"म्हंजी मी त्याची जलमाची शेळीच की!" सरूबाई हसली आणि हसता हसता तिला रडू फुटलं. "त्याची भूक तुला कळली पोरी. माज्या म्हशीची कुनाला कळायची?"

"आजी, तू जाऊ नकोस."

"मग मरू दे व्हय तिला, पोटातल्या जिवासकट?"

तिनं विळा उचलला. प्राचीनं लॅपटॉप मिटला आणि ती आजीच्या मागोमाग निघाली. बांधावर ती हातात काठी उंच धरून उभी राहिली. तिच्या पायाशी आजी गवत कापत होती. उसाचं पान सळसळलं की दोघींचा जीव टांगणीला लागायचा.

भारा झाला. सरूबाईनं तो बांधला आणि त्याच्यावरच हात टेकून बसली. प्राचीला सोमवारी परीक्षेसाठी पुण्याला परतायचं होतं.

"दोन दिस निघतील ह्यात," सरूबाई म्हणाली. "तिसऱ्या दिशी माज्यापाशी कोन उभं ऱ्हाईल गं?"