बबनरावांचे बारा बिल्ले

जिथं माणसं रिकामी बसतात तिथं किस्से होत नाहीत असं माझं मत आहे. किस्से होतात ते सगळे जीव तोडून काम करत असतात तिथं. जालन्याच्या एका मोठ्या बियाणे कंपनीत मी कॉम्प्युटर खात्यात होते. तिथली हिशेबाची कागदपत्रं केव्हाच रद्दीत गेली, किस्से मात्र कुणी नेले नाहीत. आजही मस्तगडला माझ्या घरी जुने तिघं-चौघं जमले की पोहे गार होईपर्यंत कुणीतरी म्हणतंच, "मॅडम, बबनरावांचं काढा." मग संध्याकाळ गेली म्हणून समजा.

बबनराव म्हणजे आमचे स्टोअरकीपर. शर्टाच्या खिशात दोन पेनं, डोळ्यांवर दोरी बांधलेला चष्मा. शिक्षण आठवी, नोकरी तीस वर्षं. त्या तीस वर्षांत स्टोअरमधून एक नट हरवला नव्हता. आयुष्यात बढाई मारायची तर ते एवढीच मारत, आणि ती खरी होती.

* * *

नव्वदीच्या दशकात कंपनीनं ऑर्डरी आणि साठ्यासाठी बाहेरगावच्या एका फर्मचं सॉफ्टवेअर घेतलं. कॉम्प्युटर चाळीस आणि लायसन बारा. म्हणजे एका वेळी बारा जणांनीच ते उघडायचं. तेराव्यानं उघडलं तरी उघडायचं, सॉफ्टवेअर बिचारं काही बोलायचं नाही. पण करारात लिहिलं होतं की फर्मचा माणूस कधीही येऊन तपासणार. त्या ओळीनं आमच्या जनरल मॅनेजर साहेबांची झोप उडाली.

कंपनीत विकत घेतलेली प्रत्येक वस्तू आधी स्टोअरला जायची. त्याप्रमाणे लायसनचा कागदही गेला. बबनरावांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि साहेबांच्या केबिनमध्ये आले.

"साहेब, माल कुठाय?"

"हाच माल. बारा लायसन."

"हा तं कागद हाय. बारा नग दिसून न्हाई राह्यले. जे दिसत न्हाई ते इश्यू कसं करू?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्कशॉपमधून बारा पितळी बिल्ले करून आणले, वर एक ते बारा आकडे ठोकलेले. ज्याच्या कॉम्प्युटरवर बिल्ला लटकतोय त्यानंच सॉफ्टवेअर उघडायचं. काम झालं की बिल्ला जमा. रजिस्टरवर नेताना सही, आणताना सही.

साहेब पोट धरून हसले. पण आठवडाभरात तपासून पाहिलं तर एका वेळी तेरावा माणूस कधीच सापडेना. मग हसणं बंद झालं आणि परिपत्रक निघालं.

* * *

रजिस्टरला शेवटचा रकाना होता, "उशिराचं कारण". बिल्ला तासाभरात परत आला नाही तर कारण स्वतःच्या हातानं लिहायचं. पहिल्या महिन्यात लोकांनी मनापासून लिहिलं. "आकडे जुळत नव्हते." "प्रिंटर अडला." "सासऱ्यांचा फोन होता, ठेवता येईना."

नंतर सगळ्यांना एकच कारण सापडलं. पानंच्या पानं तेच. "चहाला गेलो होतो." बिल्ला खिशात, माणूस गेटबाहेरच्या टपरीवर आणि इकडे अकरा जण कामात, बाकीचे ताटकळत.

साहेबांनी एकदा ते रजिस्टर मागवलं. पानं उलटली आणि सगळ्यांना उभं केलं. "ही कंपनी आहे का हॉटेल? यापुढं हे कारण मला कुणाच्याही हातचं दिसता कामा नये."

दुसऱ्या दिवसापासून लोक लिहू लागले, "बाहेर गेलो होतो."

* * *

डिस्पॅचचे जाधव रोज भोकरदनहून एसटीनं जाऊन-येऊन करायचे. माणूस सज्जन, पण विसराळू. एका शनिवारी चार नंबरचा बिल्ला त्यांच्याबरोबर घरी गेला. सोमवारी त्यांना सहकुटुंब जांब समर्थला दर्शनाला जायचं होतं, रजा आधीच टाकलेली. बबनरावांनी भोकरदनला त्यांच्या शेजाऱ्याकडे फोन लावला.

"जाधव, बिल्ला पाठवा."

"बबनराव, बुधवारी येतोच की मी. एकानं काय फरक पडून राह्यला?"

"लायसन तुमच्या खिशात हाय. तुम्ही देवाला जा, लायसनला कशाला नेता?"

सोमवारी सकाळच्या गाडीनं बिल्ला आला, पाकिटात, कंडक्टरच्या हाती. बबनराव स्टँडवर जातीनं हजर होते. त्यांनी पाकीट घेतलं नाही, आधी रजिस्टर पुढं केलं. कंडक्टरनं बसच्या पायरीवर उभं राहून सही केली. उशिराच्या कारणापाशी तो थांबला. "काय लिहू?"

"जे झालं ते लिहा."

त्यानं लिहिलं, "राजूरला पंक्चर." आमच्या सॉफ्टवेअरच्या अधिकृत वापरकर्त्यांत त्या कंडक्टरचं नाव कायमचं राहिलं.

* * *

आणि फर्मचा तो तपासणारा माणूस एकदा आलाच. टाय लावलेला, हातात ब्रीफकेस, जालन्याच्या उन्हानं लाल झालेला. साहेबांच्या कपाळावर घाम. तपासनीस म्हणाला, "मला फक्त एका मशीनवर सॉफ्टवेअर उघडून बघायचंय. पाच मिनिटं."

बबनराव म्हणाले, "बाराच्या बारा बाहेर हायेत. एखादा जमा झाला की देतो. बसा."

"अहो, मी तपासायला आलोय."

"तुम्ही उघडलं की तेरा होत्यात. मंग तुम्हीच लिहिणार, तेरा सापडले."

तपासनीस बाकावर बसला. साहेब डोळ्यांनी बबनरावांना खुणा करत होते, बबनराव रजिस्टर बघत होते. दीड तासानं सात नंबर जमा झाला. तपासनीसानं सही करून बिल्ला घेतला, काम केलं, बिल्ला परत केला. जाताना म्हणाला, "मी इतक्या कंपन्या बघतो, पण नियम मोडायला मलाच बंदी करणारी पहिलीच."

साहेबांनी त्या दिवशी सगळ्यांना जिलबी वाटली. बबनरावांनी खाल्ली नाही, हाताला चिकट लागतं आणि रजिस्टर खराब होतं म्हणून.

* * *

खंडेनवमीला आमच्याकडे वर्कशॉपची हत्यारं पुजायची पद्धत. पान्हे, वजनकाटे, बियाणं चाळायची मशीनं, सगळ्यांना हळदीकुंकू. बबनरावांनी त्या वर्षी ताटात बारा बिल्लेही मांडले. "कॉम्प्युटरवाल्यांचं हत्यार हेच हाय ना?"

पूजा साहेबांच्या हस्ते झाली. नारळ फुटला, त्याच ताटात खोबऱ्याचे तुकडे, बत्तासे आणि बिल्ले, सगळ्यावर फुलांचा ढीग. गर्दी झाली. बबनरावांनी मूठभर प्रसाद साहेबांच्या रुमालात बांधून दिला, "बाईसाहेबांसाठी," म्हणून. गर्दी पांगल्यावर त्यांनी बिल्ले धुऊन मोजले.

अकरा.

सात नंबर नव्हता. फुलं झटकली, निर्माल्य चाळलं, गटाराची जाळी उचलली. बबनराव चष्मा कपाळावर ठेवून जमिनीवर बसले होते, तसं बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मला वाईट वाटलं, आणि हसूही येत होतं, त्याची मला अजून लाज वाटते.

दुसऱ्या दिवसापासून कंपनी अकरा लायसनवर चालू लागली. मी समजावलं, "बबनराव, बिल्ला हरवलाय, लायसन नाही. नवा ठोकून घ्या."

"ताई, नवा ठोकला अन् जुना सापडला तं तेरा होत्याल."

* * *

सात महिने असेच गेले. खरिपाच्या तोंडावर ऑर्डरींचा डोंगर, आणि बारावा माणूस हात चोळत बसलेला. बबनरावांच्या फाईलला साहेबांनी शेरा मारला, "सामान सांभाळण्यात हलगर्जी." तीस वर्षांत पहिला.

तेवढ्यात कंपनीनं ठरवलं की जुनं सॉफ्टवेअर बंद, नवं आणायचं. नव्यात लायसन माणसाच्या नावावर. वीस नावं, वीस पासवर्ड. कन्सल्टंट आला, त्यानं फळ्यावर बाण काढले आणि बबनरावांना विचारलं, "तुमच्या खात्याची सध्याची प्रोसेस काय आहे?"

"खिळा," बबनराव म्हणाले. "त्याला बिल्ले लटकवतो."

कन्सल्टंटनं ते लिहून घेतलं.

वीस नावांची यादी लागली. पहिलं नाव साहेबांचं, ज्यांनी कधी की-बोर्डला बोट लावलं नव्हतं. शेवटपर्यंत वाचली, बबनराव कुठंच नव्हते. त्यांना शहराबाहेरच्या गोडाऊनवर पोती मोजायला पाठवायचं ठरलं होतं. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती.

मी त्यांच्या वतीनं साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, "मॅडम, ज्याच्याकडून बारातला एक हरवतो त्याच्या हाती नवीन सिस्टीम देऊ?" मी खाली आले आणि रागानं दोन फायली चुकीच्या कपाटात ठेवल्या. बबनरावांनीच त्या काढून जागेवर लावल्या.

"पोती तं पोती," ते म्हणाले. "पण ताई, बिल्ला हरवला म्हणून नगं. मी हरवला न्हाई."

* * *

जुनं सॉफ्टवेअर बंद करायचा दिवस उजाडला. साहेब, कन्सल्टंट, जाधव, मी, सगळे बबनरावांच्या टेबलाभोवती. कन्सल्टंटला त्यांची चार्ज सोडल्याची सही हवी होती, त्याशिवाय त्याचं काम पुढं सरकेना. टेबलावर ओळीनं अकरा बिल्ले, सहा आणि आठच्या मधे एक मोकळी जागा.

"सही करा," साहेब म्हणाले.

"एक कमी हाय साहेब. अर्ध्या चार्जवर सही न्हाई करत मी."

"हरवला असं लिहा आणि संपवा."

"कुठं हरवला ते म्हाईत न्हाई. जे म्हाईत न्हाई ते कसं लिहू?"

साहेबांचा संयम सुटला. "मला औरंगाबादला मीटिंग आहे! जाधव, ड्रायव्हरला गाडी काढायला सांगा," असं म्हणून त्यांनी खिशातला किल्ल्यांचा जुडगा टेबलावर आपटला.

जुडगा अकरा बिल्ल्यांशेजारी पडला. बबनरावांनी चष्मा नाकावर घेतला. किल्ल्यांच्या कडीत एक पितळी चकती होती, कडेला हळदीचा डाग, मधे सात.

साहेबांनी चकती हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "हे... हे मिसेसनी लावलंय. प्रसादात आलं म्हणाली. देवाचं आहे, गाडीला बरं."

बबनरावांनी कडी सोडवली, बिल्ला शर्टाला पुसला आणि मोकळ्या जागेत ठेवला. मग मोजले. बारा. पुन्हा मोजले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पुसलंही नाही.

साहेबांनी कन्सल्टंटच्या हातातली यादी ओढून घेतली. पहिलं नाव खोडलं, स्वतःचं. त्यावर "बबनराव" लिहिलं, खाली सही केली आणि कागद त्यांच्यापुढं ठेवला.

बबनरावांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. "हे झालं साहेब." मग रजिस्टर उघडलं, सात नंबरची ओळ काढली आणि पेन पुढं केलं. "इथं परत केल्याची सही. अन् सात महिने झाले, तवा उशिराचं कारण तुमच्या हातानं."

साहेबांनी पेन घेतलं. मग सावकाश, सुंदर अक्षरात लिहिलं,

"चहाला गेलो होतो."